काडी आणि फुली

इंजेक्शनचं खोकं हातात आलं की कौसाबाई आधी ते खिडकीपाशी नेत. हात लांब करून धरत, मान जराशी मागे घेत आणि मोठ्याने म्हणत, "काडी आन् फुली. बराबर." मग खोकं मला परत देत आणि मुलाच्या उशाशी जाऊन बसत. त्यानंतर मी काय करते आहे याकडे त्या पाहतही नसत. भुकटी पाण्यात नीट विरघळली का, शीर सापडली का, हे माझं काम. आकडा वाचणं त्यांचं. ही वाटणी त्यांनी स्वतःच करून टाकली होती, मला न विचारता.

जालन्यात मी ज्या दवाखान्यात परिचारिका होते, तिथे रक्त न गोठण्याचा आजार असलेल्यांसाठी एक वेगळी खोली होती. या आजारात रक्त थांबवणारा एखादा घटक अंगात जन्मापासूनच कमी असतो किंवा नसतोच. या घटकांना क्रमांक आहेत आणि ते रोमन आकड्यांत लिहायची पद्धत आहे. कुणाला आठवा लागतो, कुणाला नववा. नवव्याच्या माणसाला आठवा दिला तर तो न दिल्यासारखाच. रक्त वाहतच राहतं. आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, पण येतो तो आईकडून, आणि आईला स्वतःला सहसा काहीच होत नाही. म्हणून आमच्या खोलीत खाटांवर मुलगे असत आणि बाकांवर त्यांच्या आया.

कौसाबाई टेंभुर्णीच्या. घरची शेती बऱ्यापैकी होती. पहिल्यांदा आल्या तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असतील. उंच, काटक, बोलणं तुटक. दत्ता त्यांचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याचा गुडघा इतका सुजला होता की विजारीचा पाय कापावा लागला. केसपेपर भरताना मी विचारलं, "मुलं किती?"

"तीन," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दोन हायेत. दत्ता आन् उषा."

मी दोन लिहिलं आणि पुढे विचारलं नाही.

मी नवव्याचं खोकं काढलं, तशी त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, किती मोठं आहे ते पाहायचं असेल. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं.

"हे कितवं हाये?"

"नववं."

"नऊ कुठं हाये? दाखवा."

मी बोट ठेवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "इथं नऊ न्हाई," त्या म्हणाल्या. "इथं एक काडी हाये आन् एक फुली."

"मावशी, तो रोमन नऊ आहे. इंग्रजी औषधांवर तसाच लिहितात."

"मंग मला शिकवा."

"आधी याला टोचू द्या."

"टोचा. मंग शिकवा. मी बसून राह्यलेच हाये."

असं म्हणणारे पुष्कळ असतात. काम झालं, दुखणं उतरलं की शिकायचं राहून जातं. पण इंजेक्शन देऊन मी हात धुऊन आले, तर कौसाबाई बाकावर अर्धी जागा मोकळी सोडून माझी वाट पाहत होत्या. मी टेबलावरच्या, घसा तपासायच्या लाकडी पट्ट्या घेतल्या आणि मांडायला लागले. एक पट्टी म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. "हे तं शेळ्या मोजल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. मग दोन पट्ट्या खाली टोकाला जुळवून मी पाच केला. त्याला त्यांनी लगेच नाव दिलं, बेचकं. दहा म्हणजे फुली. सहा, सात, आठ सरळ आले.

चारपाशी मात्र त्या अडल्या. एकच काडी बेचक्याच्या उजवीकडे ठेवली तर सहा आणि डावीकडे ठेवली तर चार, हे त्यांना पटेना.

"काडी तीच. मंग किंमत का बदलून राह्यली?"

"जागा बदलली म्हणून."

त्यांनी काडी उचलून डावीकडे ठेवली, उजवीकडे ठेवली, पुन्हा डावीकडे. दत्ता झोपून गेला. मी दुसऱ्या दोन रुग्णांचं पाहून आले, तरी त्यांचं ते चालूच होतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे डावी काडी खाती आन् उजवी काडी देती."

पुढे दुसऱ्यांना शिकवताना मी हेच वाक्य वापरू लागले.

लिहिणं त्यांना वाचण्यापेक्षा जड गेलं. चौथीनंतर त्यांनी पेन धरलं नव्हतं. घरी त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने लिहायला सुरुवात केली; दत्ता सांगे की धार काढून झाली की आई भिंतीपुढे उभी राहते आणि म्हैस तिच्याकडे बघत राहते. पुढच्या खेपेला त्यांनी मला विचारलं, "चाळीसाला काय करायचं? चार फुल्या?" मी पन्नासचा आकडा काढून दाखवला आणि त्याच्या डाव्या अंगाला फुली मांडली. "हा तं कोयता," त्या म्हणाल्या आणि मग, "म्हणजे फुलीबी खाती?" मी हो म्हटल्यावर त्या पहिल्यांदा माझ्यापुढे हसल्या. वास्तविक त्यांना नऊच्या पुढे कशाची गरज नव्हती. पण अर्धवट गोष्ट त्यांना चालत नसे.

एकदा त्या रागावूनच आल्या. जाफराबादला सोनाराच्या दुकानात भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्यात चारच्या जागी चार काड्या उभ्या होत्या. "तुम्ही मला चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की घड्याळांवर कधीकधी तसं असतं, का ते मला ठाऊक नाही. त्यांनी थोडा विचार केला. "घड्याळवाल्यांना चालत असंल. इथं न्हाई चालायचं."

खोलीत त्या सगळ्यांच्या आवडत्या होत्या असं मला सांगता येणार नाही. कुणाचंही खोकं टेबलावर आलं की त्या उठून वाचून येत. मुलाला हातावर घेऊन ताटकळलेल्या आईला त्याचा वैताग येई. आमच्या डॉक्टरांनी एकदा हसत म्हटलं होतं की या बाईंना सही करायला एक रजिस्टर द्या. कौसाबाईंनी ते खरं मानलं आणि मला विचारलं, सही कुठं करायची असती.

आणि एकदा त्यांनी सगळी खोलीच थांबवली. दत्ताच्या कोपरात रक्त उतरलं होतं, तो कळवळत होता. नवीन आलेल्या सिस्टरने खोकं दिलं. कौसाबाईंनी ते खिडकीशी नेलं आणि पाठीमागे लपवलं. "फुली आन् काडी. हे अकरा हाये. हे मी टोचू देणार न्हाई." सिस्टर समजावू लागली, डॉक्टर आले, दत्ता ओरडला की आई, जल्दी कर. कौसाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या. मी शेजारच्या वॉर्डातून आले, त्यांच्या हातून खोकं घेतलं आणि वरची बाजू वर केली. ते उलटं धरलं गेलं होतं. काडी आणि फुली उलटी केली की फुली आणि काडी होते.

खोली हसली. दुखत असूनही दत्तासुद्धा हसला. कौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुलटं खोकं पुन्हा एकदा वाचलं, बराबर म्हणाल्या आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मी बाहेर गेले. म्हटलं, मावशी, मनावर घेऊ नका.

"हसले तं हसू द्या," त्या म्हणाल्या. "मी एकदा न वाचता दिल्तं."

मग त्यांनी मला अंकुशचं सांगितलं. अंकुश दत्ताहून मोठा. दोघांना एकच आजार. सोळाव्या वर्षी तो मोटारसायकलवरून पडला आणि पोटात आतल्या आत रक्त साचायला लागलं. मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्याला नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन नामदेवराव, म्हणजे कौसाबाईंचे यजमान, औषधाच्या दुकानात गेले आणि खोकी बर्फाच्या डब्यात घालून घेऊन आले. दवाखान्यात फ्रीज भरलेला होता म्हणून डबा कौसाबाईंनी मांडीवर धरून ठेवला. मागतील तसं एकेक खोकं त्या काढून देत होत्या. रक्त थांबेना. दुसऱ्या दिवशी एका वेगळ्या डॉक्टरांनी रिकामं खोकं हातात घेतलं आणि विचारलं, हे कुणी आणलं? ते आठव्याचं होतं. मग पळापळ झाली, नववा मिळालाही, पण तोवर उशीर झाला होता.

"दुकानवाल्यानं चुकीचं दिलं का चिठ्ठीच तशी होती, काही समजलं न्हाई. चिठ्ठी नंतर सापडली न्हाई. टोचणारांनीबी पाह्यलं न्हाई." त्या हे सगळं पेरणीची हकिगत सांगावी तशा सांगत होत्या. "मी दिवसभर त्या खोक्याकडंच पाहून राह्यल्ते, सिस्टरबाई. बेचकं आन् तीन काड्या. आजबी मला ते तसंच्या तसं दिसतं. पण तवा मला ते चित्र होतं. आकडा न्हव्हता."

एवढं सांगून त्या उठल्या आणि दत्ताला पाणी द्यायला आत गेल्या. पुन्हा त्यांनी अंकुशचा विषय काढला नाही. त्या दिवसानंतर त्यांच्या वाचनात एक पायरी वाढली एवढंच. "आधी खोकं सुलटं करायचं," त्या दुसऱ्यांनाही सांगत, "मंग वाचायचं."

दुसऱ्यांना शिकवणं त्यांनी कधी सुरू केलं, मला नेमकं आठवत नाही. वडीगोद्रीची मीरा म्हणून एक अगदी तरुण मुलगी होती. तिच्या लहान मुलाला नुकतंच निदान झालं होतं आणि ती बाकावर बसून सारखी रडत असे. आम्ही सगळ्या तिला धीर देत होतो. कौसाबाई धीरबिर देत नसत. त्या म्हणाल्या, "रडून घे. तुझं रडून झालं की इकडं ये, तुला एक दाखवायचंय." मीरा त्या दिवशी गेली नाही, पुढच्या खेपेला गेली. तिच्या मुलाचा आठवा. कौसाबाईंनी पट्ट्या मांडल्या आणि बेचक्यापाशी आल्या तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग त्यांनी तीन काड्या उजवीकडे एकेक करून ठेवल्या. "हा तुझा. हा नीट ध्यानात ठेव."

आमच्या खोलीत येणाऱ्या पुष्कळ बायका त्यांच्याकडून शिकल्या. काही टाळत. एकीने तोंडावर सांगितलं की आमचं आम्ही बघू. कौसाबाईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. "शिकायचं नसंल तं नका शिकू. पण माझ्यासमोर एकदा वाचा," त्या म्हणाल्या.

नामदेवराव नेहमी सोबत येत, पण वर कधी आले नाहीत. फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली चहाची गाडी होती, तिथे ते बसून राहत. दत्ताला चालता येत नसेल तर जिन्यापर्यंत आणून सोडत आणि परत फिरत. बुटका, मऊ चेहऱ्याचा माणूस. मला पाहिलं की हात जोडत. त्या सगळ्या वर्षांत आमचं बोलणं फारसं झालं नाही.

मग उषाचं लग्न निघालं. उषा जाफराबादच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती. हा आजार मुलींमधून पुढे जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त तपासून घेतलं होतं. तिच्यात तो दोष उतरला होता. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, पण तिला मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. चुलत्यांचं म्हणणं पडलं की ही गोष्ट चार भिंतींच्या आत ठेवावी. कौसाबाईंचं म्हणणं त्यांनी कुणाला बोलून दाखवलंच नाही. पाहायला पाहुणे आले, तसं त्यांनी सांगून टाकलं. ते स्थळ गेलं. दुसरं आलं, तेही गेलं.

एक दिवस उषा एकटीच दवाखान्यात आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, आई तुमचं ऐकती. तिला सांगा, जरा गप राहा म्हणा. पाहुणे चहाला बसले की ती रक्ताचं काढती. लोक कप तसेच ठेवून उठतात. गावात सगळे मला आजारी समजून राह्यले. मला काय झालंय? मला तं काहीच झालेलं न्हाई." ती रडली नाही. चेहरा आईसारखाच घट्ट करून उभी होती.

मी कौसाबाईंशी बोलले. म्हटलं, निदान बोलणी तरी पुढे जाऊ द्या, मग सांगा.

"बोलणी झाल्यावर सांगितलं तं ते म्हणतील, फसवलं. लग्न झाल्यावर सांगितलं तं पोरीला आणून सोडतील."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तिला पोरगं होईल, सिस्टरबाई. ते पडंल. पोरं पडतातच. तवा त्या घरात कोणाला तरी वाचता आलं पाहिजे का न्हाई?"

मी उषाला सांगितलं की मला जमलं नाही. तिने मान हलवली. नंतर दत्ताकडून कळलं, घरात मायलेकींचं बोलणं बंद झालं होतं. उषा भाकरी थापून आईचं ताट वाढी आणि तिथून उठून जाई.

तिसरं स्थळ वाटूरचं. मुलगा गणेश, फाट्यावर त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान. त्याच्या वडिलांनी, व्यंकटरावांनी, चहा पूर्ण प्यायला आणि म्हणाले, आम्हाला हे नीट समजलं पाहिजे. कौसाबाई म्हणाल्या, मला तरी किती समजतं, जालन्याला चला. म्हणून एका सकाळी गणेश, त्याचे आई-वडील, कौसाबाई आणि उषा असे सगळे आमच्या खोलीत आले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. व्यंकटराव एकेक गोष्ट पुन्हा विचारत होते.

"म्हणजे पोरगं झालं तं निम्मी शक्यता."

"निम्मी," डॉक्टर म्हणाले.

"पावसाचा तं आमच्याकडं तेवढाबी भरवसा न्हसतो," व्यंकटराव म्हणाले. "तरी पेरतोच आम्ही."

"लेकराचं आन् पेरणीचं एक करू नका," त्यांची बायको म्हणाली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. मग ती कौसाबाईंकडे वळली. "पोरीला आमच्या घरी कोणी बोलणार न्हाई, तेवढं मी पाहीन. पण वेळ आली तं औषध कोणतं, हे आम्हाला कसं समजावं? मला तं मराठीबी वाचता येत न्हाई."

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांचा डबा दिला. त्यांनी बाकावर एक काडी ठेवली, तिच्या उजवीकडे फुली मांडली आणि विहीणबाईंचा हात धरून त्यावर ठेवला. "डावीकडं काडी. मंग फुली. एवढंच." विहीणबाईंनी स्वतः मांडून दाखवलं. व्यंकटरावांनी मांडलं. गणेशला कौसाबाईंनी कागद दिला. त्याने आधी फुली काढली आणि मग काडी.

"पुन्हा," कौसाबाई म्हणाल्या.

त्याने काढलं. उषा पाहत होती.

"आता दहादा लिहा."

"आई," उषा म्हणाली. किती दिवसांनी ती आईशी बोलत होती, कुणास ठाऊक. गणेशने खाली मान घालून दहादा लिहिलं. लग्न वैशाखात झालं.

उषाला मुलगा झाला. बाळंतपण कसं करायचं हे डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे तिला आणि बाळाला काही इजा झाली नाही. बाळाचं रक्त तपासणीला गेलं आणि त्याच्यात आजार निघाला. कौसाबाईंना ते मी सांगितलं. त्या व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"मावशी, नववाच. तुमच्या घरात दुसरा कुठून येईल?"

"तरीबी सांगावं माणसानं," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि विहीणबाईंना सांगायला गेल्या. त्यांनी ते दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

बाळ रांगायला लागलं तेव्हा उषा त्याला पहिल्यांदा आमच्या खोलीत घेऊन आली. कपाळावर टेंगूळ आलं होतं. काम झाल्यावर ती म्हणाली, "सिस्टर, याचं समजलं तवा मला वाटल्तं, आता बोलणी खावी लागणार. घरी कोणी काही म्हणलं न्हाई. सासूबाई म्हणल्या, आपल्याला ठाऊकच होतं." ती बाळाचं झबलं नीट करत राहिली. "आईला सांगू नका मी असं म्हणले म्हणून. तिला लगेच चढंल." मी सांगितलं नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. कौसाबाई निरोप घ्यायला आल्या, तेव्हा निरोपाचं काही बोलल्या नाहीत. माझ्या जागी येणाऱ्या सिस्टरला आकडे येतात का, एवढं विचारून गेल्या. अधूनमधून दत्ताचा फोन येई. एका थंडीत फोन आला तो त्यांच्या जाण्याचा. वावरात कापूस वेचताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. तेराव्याला मला जाता आलं नाही. महिन्याभराने गेले.

टेंभुर्णीतलं त्यांचं घर मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. घराला लागूनच शेत, बांधाच्या पलीकडे विहीर. दत्ता लंगडत पुढे आला, मला बाज टाकून दिली आणि चहा ठेवायला आत गेला. नामदेवराव दाराशी बसले होते. त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. मला वाटलं, आता आम्ही दोघं असेच बसून राहणार. पण ते बोलले.

"तिला तुम्हीच शिकवलं न्हाई का ते?"

"हो."

"मंग तिनं सगळ्यांना शिकवलं. व्याह्यांना, विहिणीला, जावयाला. इथं गल्लीतल्या पोरीबी यायच्या." ते पायाशी पडलेली कापसाची बोंडं गोळा करत होते. "मला न्हाई शिकवलं."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"मी कोणत्या तोंडानं विचारू? ती खोकी म्याच आणल्ती." त्यांनी बोंडं एका जागी ठेवली. "मला वाटायचं, एक दिवस ती म्हणंल, या, बसा, हे पाहा. तशी म्हणली असती तं मी समजलो असतो, की झालं, तिनं सोडून दिलं. इतकी वर्षं झाली, एका शब्दानं बोलली न्हाई मला. भांडलीबी न्हाई. तिच्या मनातून ते गेलं न्हाई, सिस्टरबाई. जाणार तरी कसं."

मला तेव्हा एक गोष्ट आठवली, आणि ती या माणसाला कुणी सांगितलेली नाही हेही लक्षात आलं. उषाचं लग्न ठरायच्या आधी मी कौसाबाईंना एकदा म्हटलं होतं की यजमानांना वर बोलवा, त्यांनाही शिकवू. तुम्ही कधी आजारी पडलात तर? त्या इतक्या पटकन नको म्हणाल्या की मी दचकले. म्हणाल्या, "त्यांच्या हातात खोकं देऊ नका. त्यांच्यापुढं आकड्याचं नावबी काढू नका. एकदा त्यांना वाचता आलं ना, की ते रोज म्हणतील, हे मला तवा येत असतं तं. एवढं सोपं होतं, असं म्हणतील. मंग तो माणूस जगायचा न्हाई. माझं एक गेलंय. ह्यांना मला जाऊ द्यायचं न्हाई."

मी हे नामदेवरावांना सांगितलं. शक्य तितकं कौसाबाईंच्याच शब्दांत सांगितलं. ते ऐकत असताना माझ्याकडे पाहत नव्हते.

"असं म्हणली?"

"हो."

"कधी म्हणली?"

"उषाच्या लग्नाच्या आधी. दवाखान्यातच."

ते भिंतीला हात टेकून उठले आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "लाईट आली वाटतं," ते म्हणाले. "मोटार चालू करून येतो." आणि बांधावरून विहिरीकडे गेले. जाताना त्यांनी वळून पाहिलं नाही.

दत्ता चहाचे तीन कप घेऊन बाहेर आला. "आबा कुठं गेले?"

मी म्हटलं, लाईट आली म्हणून मोटार चालू करायला गेले.

दत्ताने विहिरीकडे पाहिलं. नामदेवराव तिथे आमच्याकडे पाठ करून बसले होते, खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी धरून. तिकडून मोटारीचा आवाज येत नव्हता.

"या हप्त्यात दिवसा लाईट न्हसती," तो म्हणाला. माझा कप त्याने माझ्या हातात दिला आणि वडिलांचा कप बशीने झाकून उंबऱ्यावर ठेवला.